आपला लोकप्रतिनिधी कामावरून कसा तपासावा: कोकणातल्या मतदारासाठी

आमच्या वाडीच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, साकव (छोटा पूल) व्हावा म्हणून तीन निवडणुकांत तीन नारळ फुटले. तिन्ही वेळा मी मुंबईहून गावी आलो होतो आणि तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. पावसाळ्यात मुलं गुडघाभर पाण्यातून शाळेत जात, नाहीतर तीन किलोमीटरचा वळसा घालत. २०२० मध्ये नोकरी संपवून राजापूर तालुक्यातल्या घरी कायमचा आलो, आणि पहिल्याच पावसात ठरवलं की या नारळांचं पुढे काय झालं ते शोधायचं.

शोधायला दीड वर्ष गेलं, कारण कुठे काय विचारायचं हेच माहीत नव्हतं. शेवटी हाती आलं ते असं: पहिल्या दोन नारळांमागे एकही कागद नव्हता. तिसऱ्या वेळी कामाला मंजुरी होती, पण जागेची संमतीपत्रं न मिळाल्यामुळे पैसे परत गेले. आणि साकवासाठी दरवर्षी लेखी मागणी करणारा माणूस एकच होता, जिल्हा परिषदेचा एक जुना सदस्य. त्याला आम्ही ‘चार शब्द धड बोलता येत नाहीत’ म्हणून पाडलं होतं. त्या पाडण्यात माझंही मत होतं. ती बोच अजून गेलेली नाही.

पहिल्यांदा मतदान करणारी मुलं आणि माझ्यासारखे गावी परतलेले चाकरमानी यांना ते दीड वर्ष घालवावं लागू नये, म्हणून हे लिहितो आहे.

सोबत काय लागेल

- एक जाड दोनशे पानी वही. मोबाइलमधल्या नोंदी मोबाइलबरोबर जातात.
- मतदार ओळखपत्र आणि आपल्या ग्रामपंचायतीचं, जिल्हा परिषद गटाचं, विधानसभा व लोकसभा मतदारसंघाचं नाव. शेवटची तीन नावं कित्येकांना ठाऊक नसतात.
- दहा आणि वीस रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, चार-पाच.
- तारीख-वेळ उमटणारा फोटो काढता येईल असा फोन.
- बरोबर एक माणूस, शक्य तर वेगळ्या पक्षाचा. हे सर्वांत महत्त्वाचं. आपल्या आवडत्या नेत्याच्या चुका आपल्याला दिसत नाहीत, शेजाऱ्याला दिसतात.

१. वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या

सभेला जा, भाषण ऐका, पण घरी आल्यावर त्यातलं एकच वाक्य वहीत उतरवा: ज्यात काम, जागा आणि मुदत आहे ते. ‘कोकणाचा कॅलिफोर्निया करू’ हे लिहू नका, ते कधीच तपासता येणार नाही. ‘अमुक बंदरावर पुढच्या हंगामाआधी मासळी उतरवायचा धक्का बांधू’ हे लिहा. वहीत सहा रकाने आखा: तारीख, कोण बोललं, नेमकं काय बोललं, काम कुणाच्या हातातलं, पुढचा कागद कोणता, जागेवर काय दिसलं. शेवटचे दोन रकाने रिकामे राहतील. ते भरायलाच पुढच्या पायऱ्या आहेत.

तासाभराच्या भाषणात असं एकही वाक्य सापडलं नाही, तर तेही तारखेसह लिहा.

२. काम कुणाच्या हातातलं, हे आधी ठरवा

खड्डा दिसला की आपण आमदाराला शिव्या घालतो आणि आमदार खासदाराकडे बोट दाखवतो. म्हणून आधी वाटणी समजून घ्या. वाडीतली पाखाडी (दगडी पायवाट), गटार, पथदिवे ग्रामपंचायतीकडे. गावाला जोडणारे ग्रामीण रस्ते, इतर जिल्हा मार्ग, प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, म्हणजे राज्याकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयंही राज्याकडे. राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि कोकण रेल्वे केंद्राच्या अखत्यारीत. समुद्रात किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या कायद्याखाली, त्यापलीकडे केंद्र.

सरपंच म्हणाला ‘मी महामार्ग चौपदरी करून आणतो’ किंवा खासदार म्हणाला ‘मी तुमची पाखाडी बांधली’, तर कान टवकारा. मदत केली असेल, पण मग ती कोणत्या कागदाने केली?

आणखी एक सापळा आपल्याकडे हमखास लागतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या तिन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका लांबत गेल्यामुळे कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळातल्या कामाचं श्रेय किंवा दोष माजी सदस्याच्या खाती घालण्याआधी तारीख बघा.

३. कागदांची साखळी पाठ करा

या एका पायरीवर वेळ द्या. सरकारी काम साधारण या क्रमाने पुढे सरकतं: मागणीचं पत्र, अर्थसंकल्पात किंवा जिल्हा वार्षिक योजनेत तरतूद, प्रशासकीय मान्यता (खर्चाला होकार), तांत्रिक मंजुरी (आराखड्याला अभियंत्याचा होकार), निविदा, कार्यारंभ आदेश (वर्क ऑर्डर), प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, देयक, आणि शेवटी दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत. नेत्याने केलेली घोषणा यातल्या कोणत्या कडीवर उभी आहे, एवढं एकदा कळलं की निम्मं काम झालं.

फसगत होते ती या ठिकाणी:

मंत्र्याला दिलेल्या पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, कोपऱ्यात ‘तपासून सादर करावे’ असा शेरा आणि सही असते, आणि खाली मजकूर: ‘काम मंजूर!’ तो शेरा मंजुरी नाही. पत्र खालच्या टेबलावर पाठवल्याची ती खूण आहे.

अर्थसंकल्पात कामाचं नाव छापलेलं असतं, पण समोर एक हजार रुपये. ही टोकन तरतूद. नाव यादीत आलं इतकाच तिचा अर्थ. त्या पैशांत एक ब्रास वाळूही येणार नाही.

भूमिपूजन होतं, पण कार्यारंभ आदेश नसतो. नारळ फुटताना जवळ जाऊन, नमस्कार करून, शांतपणे विचारा: ‘साहेब, वर्क ऑर्डरचा नंबर आणि तारीख सांगाल का?’ मी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा हात थरथरत होते. साहेबांनी मागे उभ्या अभियंत्याकडे पाहिलं आणि अभियंत्याने जमिनीकडे.

‘शासन निर्णय निघाला’ असं कुणी म्हणालं, तर त्याचा संकेतांक मागा. राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शासन निर्णय विभाग आणि तारखेनुसार शोधता येतात, आणि प्रत्येकावर अठरा आकडी संकेतांक असतो. निविदा महाटेंडर्स या संकेतस्थळावर दिसतात.

ठराव आणि अंमल यांतलं अंतर ही कोकणाला जुनी ओळखीची गोष्ट आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा, म्हणजे सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद दोन झाले, पण तळ्याला हात लावायची कुणाची हिंमत होत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि ओंजळ भरली, तेव्हा पहिल्यांदा त्या ठरावाला अर्थ आला. त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव मागेही घेतला, आणि न्यायालयात निकाल लागायला १९३७ उजाडलं. नव्या माणसाला कागदांची साखळी समजावताना मी हेच उदाहरण आधी सांगतो, कारण त्यात सगळ्या कड्या आहेत.

४. सभागृहातलं बोलणं मात्र मोजा

भाषण म्हणजे सगळं फुकट, असं मी म्हणत नाही. सभागृहात केलेलं भाषण कामकाजाच्या नोंदीत राहतं, त्याला मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. आपल्या तेव्हाच्या राजापूर लोकसभा मतदारसंघाचे खासदार बॅरिस्टर नाथ पै हे नामांकित वक्ते होते; पण १९६७ मध्ये संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराबद्दल त्यांनी खासगी विधेयकही मांडलं. वाणीमागे लेखी विधेयक उभं होतं. त्यांच्यानंतर याच मतदारसंघातून निवडून गेलेले मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर गाद्या बसवायला त्यांनी सुरुवात केली. रात्रभर अंग टाकून प्रवास करणाऱ्या गरिबाला तो निर्णय आपल्या पाठीला कळला. कोकण रेल्वेसाठी त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, अभियंते ई. श्रीधरन यांनी ते काम उभं केलं आणि २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर गाडी धावली. माणूस मोजायला मी हाच गज वापरतो, पक्ष कुठलाही असो.

खासदाराची हजेरी, विचारलेले प्रश्न, भाग घेतलेल्या चर्चा संसदेच्या संकेतस्थळावर आणि पीआरएस या संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात. आमदारासाठी महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नांच्या याद्या आणि कामकाज असतं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना हे शब्द शोधा; सदस्य सरकारला जाब विचारतो त्या मार्गांची ही नावं.

आकडे वाचताना दोन गोष्टी सांभाळा. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. म्हणून त्यांच्या नावापुढे हे आकडे नसतात. त्यांना त्यांच्या खात्याच्या निर्णयांवरून तपासा. दुसरं, नुसती संख्या बघू नका. दोनशे प्रश्नांपैकी किती आपल्या खाडीचे, आपल्या रुग्णालयाचे, आपल्या आंबा-काजूचे, ते वाचा. मासेमारीच्या गावात प्रत्येक सभेत ‘एलईडी दिव्यांची मासेमारी बंद पाडू’ असं ऐकू येतं. त्या नेत्याने सभागृहात त्यावर कधी प्रश्न विचारला का, आणि सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांच्या कार्यालयात वर्षभरात किती नौकांवर कारवाई झाल्याची नोंद आहे, हे दोन तपशील समोरासमोर ठेवा.

मंत्र्याने सभागृहात ‘करू’ म्हटलं की ते आश्वासन ठरतं आणि ते पाळलं गेलं का हे बघायला आश्वासन समिती असते. लोकसभेत त्यासाठी तीन महिन्यांची मुदत धरली आहे. म्हणून सभागृहातल्या आश्वासनाची तारीख वहीत लाल शाईने.

५. शपथपत्र वाचा, पण घाई करू नका

उमेदवाराने अर्जासोबत नमुना २६ मध्ये मालमत्ता, कर्ज, शिक्षण, प्राप्तिकर विवरणातलं उत्पन्न आणि फौजदारी प्रकरणं जाहीर करायची असतात. ही माहिती मतदाराला मिळालीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालाने ठरलं. शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात; निवडणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या एडीआर संस्थेच्या ‘मायनेता’ या संकेतस्थळावर ती सोप्या तक्त्यात दिसतात. एकच शपथपत्र बघून काही कळत नाही. २०१४, २०१९, २०२४ अशी तीन शेजारी ठेवा.

मालमत्ता वाढली म्हणजे खाल्लंच, असं नाही. महामार्गालगतची वडिलोपार्जित जमीन नुसत्या भावामुळे दहापट होते. नवी खरेदी कोणत्या वर्षी, कोणत्या गावात झाली आणि तिथे नंतर कोणता प्रकल्प जाहीर झाला, ते बघा.

गुन्ह्यांच्या रकान्यात कलमं वाचा. आपल्याकडे प्रकल्पांविरुद्धच्या आंदोलनांत जमावबंदी मोडल्याचे गुन्हे कित्येक साध्या माणसांवर आहेत. रस्त्यावर बसल्याचा गुन्हा आणि मारहाण, खंडणी, फसवणूक यांचा गुन्हा एका तागडीत घालू नका. आणि गुन्हा दाखल होणं म्हणजे शिक्षा होणं नव्हे.

६. निधीची यादी मागवा

खासदाराला स्थानिक क्षेत्र विकास योजनेत वर्षाला पाच कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. पैसे त्याच्या हातात येत नाहीत. तो शिफारस करतो, जिल्हा प्रशासन करून घेतं. आमदाराचा स्थानिक विकास निधीही असाच, जिल्हा नियोजन कार्यालयातून चालतो. कोणत्या गावाला काय दिलं, किती खर्च झाला, किती पडून राहिला, याची यादी तिथे असते. एका वाडीला तीन सभामंडप आणि शेजारच्या धनगरवाड्याला पाण्याची टाकीही नाही, हे त्या यादीतच दिसतं. एप्रिल २०२० पासून दीडेक वर्ष करोनामुळे खासदार निधी बंद होता, तेव्हा त्या काळाची तुलना करू नका.

ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. आमच्या पंचायतीचा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा रात्री दोनपर्यंत जागा होतो.

७. माहिती अधिकाराचा अर्ज

२००५ च्या कायद्याखाली ‘जोडपत्र अ’ मध्ये अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं अपील.

माझे पहिले दोन अर्ज वाया गेले, कारण मी लिहिलं होतं: ‘आमचा साकव का झाला नाही?’ ‘का’ला उत्तर मिळत नाही. कागद मागा. तिसरा अर्ज असा होता:

‘अमुक गाव, अमुक वाडी येथील पऱ्यावरील साकव बांधकामाबाबत दि. १ एप्रिल २००९ ते आजपर्यंत: (१) लोकप्रतिनिधींकडून आलेल्या मागणीपत्रांच्या प्रती, (२) प्रशासकीय मान्यता व तांत्रिक मंजुरी आदेशांच्या प्रती, (३) वितरित व परत गेलेल्या निधीच्या आदेशांच्या प्रती.’

याला पंचवीस दिवसांत बावीस पानं मिळाली. पानाला दोन रुपये. दवाखान्याबद्दल विचारायचं असेल, तर ‘मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे, संवर्गनिहाय’ एवढंच मागा. इमारतीचं उद्घाटन झालं आणि स्त्रीरोगतज्ज्ञाचं पद रिकामं असलं, तर अडलेल्या बाईला गाडीत घालून कोल्हापूर किंवा गोव्यातली बांबोळी गाठावीच लागते.

८. चुकीच्या दिवशी जागेवर जा

म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी नाही. पाण्याची योजना मे महिन्यात बघा. जलजीवन मिशनच्या नोंदीत ‘नळजोडणी झाली’ दिसते. माणशी दिवसाला पंचावन्न लिटर पाणी हा त्याच योजनेचा निकष आहे, तेव्हा नळाखाली बादली धरून घड्याळ लावा. रस्ता आणि साकव जुलैत बघा. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं पनवेल–इंदापूर टप्प्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि नंतर दरवर्षी गणपतीच्या तोंडावर नवी तारीख ऐकत आपण गावी आलो. त्या सगळ्या तारखा एका पानावर लिहून बघा.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. कोकणातल्या प्रत्येक माणसाच्या काळजाला ते लागलं. अनावरणाच्या दिवशी आपण सगळे मान वर करून बघत होतो. बांधणी, धातू, खाऱ्या वाऱ्याचा हिशोब याबद्दल कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

९. ग्रामसभेत विचारा आणि लिहून घ्यायला लावा

वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. गणपूर्तीसाठी पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांतली कमी असेल ती संख्या लागते. प्रश्न तोंडी विचारलात तर वाऱ्यावर जातो. दोन प्रतींत लेखी द्या, एका प्रतीवर पोच घ्या आणि इतिवृत्तात नोंद झाली का ते पुढच्या सभेत वाचून घ्या. आवाज चढवू नका; गावात आपल्याला उद्याही राहायचं असतं.

कागद हातात आले की नेत्याकडेही जा. मी तीन पक्षांच्या माणसांना भेटलो. एकाने मला बसवून घेतलं नाही. एकाने चहा दिला आणि विषय बदलला. तिसऱ्याने बावीस पानं वाचली आणि म्हणाला, ‘काका, निधी मी पुन्हा मागतो, पण संमतीपत्रं तुम्ही आणा.’ बरोबर होतं ते. जागेचा सातबारा सामाईक, नावं चौतीस, त्यातली निम्मी मुंबईत. तेव्हा आम्ही दोघे, मी आणि दुसऱ्या पक्षाचा माझा शेजारी, विरार, डोंबिवली, लालबाग फिरलो. चार रविवार लागले. एका म्हातारीने सही करताना विचारलं, ‘या वेळी खरंच होणार ना रे?’

साकव झाला. त्याच्या दोषदायित्वाची मुदत वहीत लिहून ठेवली आहे. ती संपायच्या आधीच्या पावसात खांबांच्या पायाशी जाऊन फोटो काढायचे आहेत. त्या पाडलेल्या सदस्याला आम्ही पहिल्यांदा साकवावरून चालायला बोलावलं होतं. तो आला, पलीकडे गेला, कठड्याला हात लावून बघितला आणि म्हणाला, ‘पाण्याला वाट थोडी कमी ठेवली आहे, अभियंत्याला कळवा.’ ते पत्र मी दुसऱ्या दिवशी दिलं. पोच वहीत आहे.